एका मिनिटानंतरची नाडी

आमचे सर कुणाला ‘कसं काय’ असं विचारत नसत. ‘नाडी किती?’ असं विचारत. प्राचार्यांना तेच, पोस्टमनला तेच आणि कॉलेजच्या गेटासमोर पोहे विकणाऱ्या काकूंनाही तेच. काकू पोह्यांवर शेव टाकत म्हणायच्या, "हाय तितकीच हाय बघा सर, वाढली न्हाई का कमी झाली न्हाई." सर गंभीरपणे मान हलवायचे. म्हणायचे, "चांगलं हाय. ज्याची वाढत न्हाई त्याला झोप लागती."

आम्ही मुली त्यांना हसायचो. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ते फार दुःखी गृहस्थ होते. तेव्हा ते तसे नव्हते. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. कॅनव्हासचे बूट ते दर शनिवारी मैदान आखायच्या फक्कीनं पांढरे करायचे, त्यामुळे सोमवारी त्यांच्या पावलांचे ठसे ऑफिसपर्यंत दिसायचे. स्टॉपवॉच एका जुन्या मोज्यात ठेवलेलं असे. शिट्टी गळ्यातून कधी उतरत नसे. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं फार लांबली तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली होती असं सांगतात. मी त्यांना एकदा विचारलं तर म्हणाले, "वाजवली न्हाई. तोंडात धरली होती निस्ती. त्येवढ्यानंच भटजी आवरते झाले."

मी चाकूरजवळच्या खेड्यातली. शाळा चाकूरला झाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. शाळेत व्हॉलीबॉल बरा खेळायचे एवढ्याच भांडवलावर मला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, होस्टेलमध्ये जागा मिळाली आणि तीन वर्षांनी घरातली पहिली पदवी मिळाली. हे सगळं सरांमुळे झालं. पहिल्या दिवशी माझी पेटी घेऊन वडील मैदानाच्या कडेला अवघडून उभे होते, तर सर त्यांना म्हणाले, "पाटील, पोरीची फिकीर करू नका. हिच्या फुप्फुसाला मी जबाबदार." वडिलांना काही कळलं नाही. गावाकडे गेल्यावर ते आईला म्हणाले की मास्तर चांगला आहे, पण डॉक्टर असावा.

व्हॉलीबॉल हा हाताचा खेळ आहे असं ज्याला वाटतं त्यानं कॅरम खेळावा, असं सर म्हणत. "ताजा हात सगळ्यांचाच गोड असतो, माय. दमलेला हात खरं सांगतो." आम्हा सगळ्यांना ते ‘माय’ म्हणत.

यावरच त्यांची पीएच.डी. चालू होती. किती वर्षं चालू होती हे विचारायचं नसे. खेळाडूचा दम आणि खेळाडूचं कौशल्य यांचा संबंध काय, असा विषय. पद्धत त्यांची स्वतःची होती. दर पंधरवड्याला सकाळी सहाला आम्ही मैदानावर जमायचो. आधी भिंतीवरची चाचणी. जिमखान्याच्या भिंतीवर आडवी रेघ मारलेली होती. एका मिनिटात त्या रेघेच्या वर बोटांनी चेंडू किती वेळा मारून झेलता येतो ते मोजायचं. मग बारा मिनिटं मैदानाभोवती पळायचं. प्रत्येकीच्या नावाचा एक स्टीलचा पेला बाकावर मांडलेला असे. एक फेरी झाली की सर त्यात एक चिंचोका टाकत. पळणं संपलं की लगेच पुन्हा भिंत. ताज्या हाताचा आकडा आणि दमलेल्या हाताचा आकडा यांतल्या फरकाला ते ‘गळती’ म्हणत, पाण्याच्या टाकीची असावी तशी.

पळणं आणि दुसरी भिंत यांच्या मधे नाडी. पळून थांबल्याबरोबर एकदा आणि एक मिनिट उभं राहून पुन्हा एकदा. एका मिनिटात नाडी किती खाली आली, त्याला ते ‘उतार’ म्हणत. उतार चांगला तिची गळती कमी. एवढं एकच वाक्य त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी वह्यांवर वह्या भरल्या होत्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. कपाटात जागा संपली तेव्हा त्यांनी जुन्या ट्रॉफ्या शिपायाला देऊन टाकल्या आणि तिथे वह्या ठेवल्या.

मात्र नाडी ते स्वतः मोजत नसत. आमच्या दोघीदोघींच्या जोड्या लावलेल्या होत्या. शिट्टी वाजली की एकीनं दुसरीचं मनगट धरायचं, पंधरा सेकंदांनी शिट्टी, आकड्याला चारनं गुणायचं आणि ओरडून सांगायचं. तेवढा वेळ सर हात पाठीमागे बांधून, आमच्याकडे पाठ करून, पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहत.

त्याचं कारण आम्हाला पोहेवाल्या काकूंनी सांगितलं. सर नोकरीला नवे होते तेव्हा मैदानावर एका मुलीची नाडी त्यांनी स्वतः मोजली. कंपाउंडच्या बाहेरून कुणीतरी पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिचे दोन भाऊ आले, सरांची कॉलर धरली गेली, आणि ती मुलगी परत कॉलेजात दिसली नाही. कॉलर धरल्याचं सरांना काही वाटलं नाही, पण मुलीचं शिक्षण सुटलं ते त्यांनी मनाला लावून घेतलं. तेव्हापासून हात पाठीमागे. मुलींसाठी एक बाई मदतनीस द्या, नाहीतर ठोके मोजायचा छातीचा पट्टा तरी द्या, असा अर्ज ते दर जूनमध्ये करत. बाई आल्या नाहीत आणि पट्टाही आला नाही. मुलांचा संघ दुसऱ्या सरांकडे होता. आमच्या सरांचं सगळं संशोधन आम्हा दहा-बारा मुलींच्या तोंडी आकड्यांवर उभं होतं.

एकदा एका मुलीनं सांगितलं, "एकशे पंधरा." सरांनी पेन थांबवलं. पाठमोरेच म्हणाले, "माय, चारनं गुणल्यावर एकशे पंधरा कशी आली? पाऊण ठोका कुठून आणला?"

सगळ्या हसल्या. सरही हसले. त्यांना वाटलं, तिचा पाढा कच्चा आहे. त्यानंतर आम्ही एवढंच शिकलो की खोटा आकडा सांगायचा तर तो चारच्या पाढ्यातला सांगायचा.

आम्ही खोटे आकडे सांगायचो. सगळ्याच.

त्याला सुरुवात अशी झाली. सरांचा एक नियम होता. एक मिनिटानंतरची नाडी एकशेवीसच्या वर राहिली तर ती मुलगी महिनाभर संघाबाहेर आणि तिच्या घरी चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं असे: मुलीचे रक्त तपासून घ्यावे, खाण्यात गूळ-शेंगदाणे वाढवावेत, डॉक्टरांना दाखवावे. चांगल्या मनानं, चांगल्या अक्षरात. मी पहिल्या वर्षाला असताना अशी एक चिठ्ठी आमच्यातल्या एका मुलीच्या गावाला गेली. चौथ्या दिवशी तिचा बाप होस्टेलच्या दारात. म्हणाला, पोरीला काहीतरी आजार आहे असा बोभाटा व्हायच्या आत उजवून टाकतो. दोन महिन्यांत तिचं लग्न झालं. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले की पुढच्या चिठ्ठीत आपण ‘घाबरण्याचे कारण नाही’ असंही लिहू. त्यांना खरंच वाटत होतं की चूक चिठ्ठीच्या मजकुरात आहे.

त्यानंतर होस्टेलच्या खोलीत बसून आम्ही ठरवलं नाही की शपथ घेतली नाही. आपोआपच झालं. जिचं मनगट आपल्या हातात, तिचं शिक्षण आपल्या हातात, असं आम्हाला वाटायला लागलं. मग कोण कशाला एकशेवीसच्या वर जाईल?

माझ्या हातात रेणुकाचं मनगट होतं.

रेणुका नायगाव तालुक्यातली. सरही नायगावचेच, म्हणून ती त्यांना कधी कधी ‘मामा’ म्हणायची आणि ते चिडले की ‘सर मामा’ म्हणायची. ती आमची लिफ्टर होती, म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू वर उचलून देणारी. तिच्या बोटातून चेंडू निघताना आवाज येत नसे. सर म्हणत, "हिच्या बोटात लोणी हाय." अंगानं बारीक, ओठ नेहमी जरा निळसर. आम्ही तिला चिडवायचो की ही शाई पिते. ती म्हणायची, "पिते तर. म्हणून तर पेपरात एवढं लिहिते." जिना चढताना मधल्या पायरीवर ती थांबायची आणि काहीतरी गमतीचं सांगायला लागायची. ती गंमत सांगायला थांबते असंच मला किती दिवस वाटत होतं.

पहिल्यांदा तिची नाडी मोजली तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं. पळून एक मिनिट झालं होतं आणि पंधरा सेकंदांत अडतीस ठोके लागले होते. तेही एकसारखे नव्हते. दोन भरभर, एक गायब, पुन्हा तीन. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "अठ्ठावीस म्हण गं. मपला बाप कसा हाय तुला ठाव हाय." तिचा बाप तिला पोलीस भरतीत खेळाचा कोटा असतो एवढ्यासाठीच शिकवत होता. चिठ्ठी गेली असती तर तोही आधीच्यासारखाच दारात उभा राहिला असता.

मी ओरडले, "एकशे बारा."

सरांनी पाठमोरेच लिहून घेतलं. म्हणाले, "शाब्बास. मस्त उतार हाय."

असं दोन वर्षं चाललं. कधी एकशे बारा, कधी एकशे आठ, कधी एकशे सोळा. नेहमी एकच आकडा सांगितला तर सरांना शंका येईल म्हणून मी बदलत राहायचे. तेवढी हुशारी मला आली होती.

माझं अक्षर बरं म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांनी मला वह्यांतले आकडे एका मोठ्या तक्त्यात उतरवायला बसवलं. त्यांच्या ऑफिसात, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू यांच्या मधे, एका टेबलावर. एकीकडे उतार, दुसरीकडे गळती. काही जुळत नव्हतं. सगळ्यांचे उतार छान आणि गळती वाटेल तशी. सर रोज यायचे, तक्त्यावर वाकून बघायचे आणि टोपी काढून डोकं खाजवायचे. एक दिवस म्हणाले, "असं कामून होऊन राहिलं? मी इतके दिवस जे म्हणतो ते खोटं हाय का काय?"

त्या खोलीत त्यांचं खरं होतं हे फक्त मला माहीत होतं. मी पट्टी सरळ केली आणि पुढची ओळ आखली.

सगळ्यांत जास्त त्यांना छळलं रेणुकाच्या ओळीनं. ताजा हात बेचाळीस. दमलेला हात एकोणीस. नाडी एकशे बारा. त्यांनी त्या ओळीभोवती लाल गोल काढला. पेन आपटून ठेवलं आणि म्हणाले, "ही पोरगी माझं समदं गणित मोडून राहिली. दम तर हाय हिच्यात. मग हात कामून गळतेत?" मग स्वतःच उत्तर शोधलं. "मन न्हाई. आळशी हाय. नायगावचं पाणीच तसलं हाय, मला ठाव हाय ना."

आणि त्यांनी तिला रोज चार फेऱ्या जादा लावल्या.

मला हे लिहिताना अजूनही थांबावं लागतं. सर क्रूर नव्हते. त्यांच्याकडे जो आकडा होता त्यावरून जे निघत होतं तेच त्यांनी केलं. आकडा मी दिला होता. रोज सराव संपला की आम्ही बाकावर बसून बूट काढायचो आणि रेणुका एकटी पळायची. सर तिच्या पेल्यात चिंचोके टाकायचे. ती तिसऱ्या फेरीला बाकाजवळून जाताना माझ्याकडे बघून जीभ काढायची. एकदा रात्री होस्टेलमध्ये मी तिला म्हटलं, मी सरांना सांगते. ती म्हणाली, "सांग की. मंग माझ्या लग्नात तूच करवली हो." आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, तीन वर्षं तर काढायची आहेत. त्यातली दोन झालीच होती.

लातूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. एस.टी.त सगळ्या रस्त्यानं रेणुकानं सरांची नक्कल केली, कंडक्टरला विचारलं, "मास्तर, नाडी किती?" पुढच्या सीटवर सर ऐकत होते आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. पहिला सेट आम्ही जिंकला. दुसऱ्या सेटच्या मधे रेणुकानं एक चेंडू उचलला, इतका सुंदर की समोरच्या संघाच्या सरांनीही मान डोलावली. त्यावर स्मॅश बसला, गुण मिळाला, आम्ही सगळ्या टाळ्या द्यायला तिच्याकडे वळलो तर ती खाली बसलेली होती. मग आडवी झाली.

तेव्हा सर पळत आले आणि वाकले. हात पुढे केला. तिच्या मनगटापर्यंत नेला आणि तिथे थांबले. मला वाटतं एखादाच सेकंद असेल. चारी बाजूंनी लोक बघत होते. मग त्यांनी तिचं मनगट धरलं. शिट्टी नाही, स्टॉपवॉच नाही. डोळे मिटून मोजत होते. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळलं ते मला कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला असेल, त्यात हृदयाची झडप खराब झाली आहे. त्यात रक्त फार कमी. ऑपरेशन लागेल. ही मुलगी पळतेच कशी? सरांनी पिशवीतून वही काढून दाखवली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आकडे बघितले आणि साधेपणानं विचारलं, "हे मोजले कुणी? हिची नाडी एका मिनिटात इतकी खाली येणारच नाही."

सरांनी वही मिटली. आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही.

नांदेडला परत आल्यावर चौकशी समिती बसली. आजारी मुलीला जादा फेऱ्या मारायला लावल्या असा तिच्या वडिलांचा अर्ज होता. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की घाबरू नका, तुमची वही आहे. दर पंधरवड्याची नोंद आहे, सगळे आकडे नियमात आहेत. कुणी काही करू शकत नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं. ते चेंडूत हवा भरत होते. पंप थांबवला नाही. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती बार?"

"प्रत्येक बार, सर."

"बाकीच्यांचे?"

"सगळ्यांचेच."

चेंडू दगडासारखा कडक झाला होता तरी ते भरत राहिले. मग पंप बाजूला ठेवून म्हणाले, "म्हंजी माझं म्हणणं खरं होतं." आणि चेंडू जाळीत टाकत, "आन मी तिला पळवलं."

समितीसमोर ते म्हणाले की वहीतले आकडे धरू नका, ते मी मोजलेले नाहीत, ऐकलेले आहेत. आमचं कुणाचंही नाव त्यांनी घेतलं नाही. मुलींचा संघ बंद झाला. सरांची नोकरी गेली नाही, पण मैदान गेलं. त्यांना गेटवर ओळखपत्रं तपासायला बसवलं. तिथे ते कुणालाच नाडी विचारत नसत. पोहेवाल्या काकू एकदा मला म्हणाल्या, "सर मुके झालेत गं. मीच इचारते आता, नाडी किती, तर निस्तं बघत्यात."

पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी त्यांना सुचवलं होतं म्हणे की इतकं काम केलंय, थोडे आकडे सावरून घ्या, कोण बघतंय. सरांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. गेटवरच्या खुर्चीत बसून ते एकेक लाल वही उघडायचे आणि नाडीच्या प्रत्येक आकड्यापुढे बारीक अक्षरात एक शब्द लिहायचे: ‘ऐकीव’. प्रत्येक आकड्यापुढे. सगळ्या वह्या. दोन महिने त्यांना ते काम पुरलं.

रेणुकाला वडील घेऊन गेले. ऑपरेशन झालं नाही. छातीवर व्रण दिसला असता, मग स्थळं आली नसती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरी काही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात ती गेली. मला हे एका मैत्रिणीच्या फोनवरून कळलं. मी तेव्हा लातूरला बी.पी.एड. करत होते. तो फॉर्मही सरांनीच भरला होता. शिफारसपत्र दिलं होतं, त्यात खेळ, शिस्त, मेहनत सगळं छान लिहिलेलं आणि शेवटी एक ओळ: ‘खरे बोलते, पण उशिरा.’ ते पत्र मी कुठल्याच मुलाखतीत दाखवलं नाही. जपून ठेवलं आहे.

आता मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या मुलींची नाडी मी स्वतः मोजते. कुणाची जास्त लागली की तिच्या डोळ्यांत तीच विनंती दिसते. मी चिठ्ठी पाठवत नाही, मुलीला धरून दवाखान्यात नेते. तरीही गेल्या वर्षी एकीला घरचे घेऊन गेले. अजून मला यातून वाट सापडलेली नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नायगावला सरांच्या घरी गेले होते. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गळ्यात शिट्टी नव्हती. साखरेच्या आजारानं पायांची आणि हातांची बोटं बधिर झालेली. त्यामुळे त्यांना स्वतःची नाडी लागत नाही. जन्मभर नाडी नाडी केलेल्या माणसाला स्वतःच्या मनगटावर काहीच जाणवत नाही. मुलानं बोटाला लावायचं यंत्र आणून दिलं होतं, ते देव्हाऱ्यात होतं. म्हणाले, "सेल उतरला की ते बी खोटं बोलतंय." मग घरातल्यांना मोजायला लावायचे. शेजारी ठेवलेल्या लाल वहीत कुणी किती सांगितली त्याच्या नोंदी होत्या. मुलगा: बहात्तर. सून: बहात्तर. शेजारचे तलाठी: बहात्तर. प्रत्येक आकड्यापुढे तोच शब्द.

अर्धा चहा झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात केला. पाठीमागे बांधलेला असायचा तो हात. म्हणाले, "माय, मोज बरं. तू म्हणशील तर दवाखान्यात जातो. यांचं काय खरं न्हाई."

मी मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा मोजले. बसलेला माणूस, आणि एकतीस ठोके. एकसारखे नव्हते. दोन भरभर, एक गायब, पुन्हा तीन. हे ठोके माझ्या बोटांना ओळखीचे होते.

सून दारात उभी होती. ती माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवत होती.

मी म्हटलं, "एकशे चोवीस, सर."

सुनेनं पदर तोंडाला लावला. सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते शाब्बास म्हणतील. मी म्हटलं, "सर, आजच नांदेडला जाऊ. मी येते सोबत."

त्यांनी वही मांडीवर घेतली. बोटांत पेन नीट धरवत नव्हतं. तारीख लिहिली. एकशे चोवीस लिहिलं. चारनं भाग जातो की नाही ते मनात बघितल्यासारखे थांबले, आणि मग त्या आकड्यापुढे, नेहमीच्या बारीक अक्षरात, लिहिलं: ‘ऐकीव’.

मग वही मिटून म्हणाले, "चहा घे अजून. गार झाला असंल."